कोरड्या शर्टाचा वॉलमन

“पानी वर चढाले टाइम लागते, माय. जरा दम धर.”

गोविंदा भोयर हे वाक्य रोज सकाळी दहा बायांना तरी ऐकवायचा. आमचं कोसारखेड राळेगाव तालुक्यात, मोठ्या रस्त्यापासून दोन कोस आत. गाव उतारावर बसलेलं. खालच्या पुऱ्यात, म्हणजे तळच्या वस्तीत, पाणी आपोआप धावत जातं. टेकडीपुऱ्यात मात्र ते चढवावं लागतं. शाळेमागच्या टाकीचा खालच्या पुऱ्याचा वॉल, म्हणजे पाण्याची झडप, आधी उघडायचा, दीड तास पाणी द्यायचं, मग तो आवळून बंद करायचा आणि टेकडीपुऱ्याचा उघडायचा. त्यानंतरही वरच्या नळाला धार धरायला पंधरा-वीस मिनिटं जातात. तोवर टेकडीपुऱ्यातल्या बाया पाण्याचे गुंड घेऊन ओट्यावर, आणि प्रत्येकीच्या तोंडी गोविंदाचं नाव.

तो ग्रामपंचायतीचा वॉलमन. चौदा वर्षं त्यानं गावाला पाणी पाजलं. लोखंडी पाइपाला कान लावून तो सांगायचा की पाणी आता कोणाच्या अंगणापर्यंत पोहोचलं. “आता इंदुताईच्या घरापाशी आलं. आता वळलं.” आणि खरंच तेवढ्यात इंदुताईचा नळ खोकायला लागायचा. असा कान आमच्या गावात दुसऱ्या कोणाचा नव्हता. आजही नाही.

भोयरांच्या घरात चालणं वेगळं होतं. गोविंदाची आजी पस्तिशीनंतर पाय फाकवून चालू लागली होती. त्याचा बाप लखीराम तसाच. जमीन हलते आहे आणि आपण तिच्यावर तोल सांभाळतो आहोत, अशी चाल. मग जीभ जड व्हायची, हातातला चहा बशीत सांडायचा. लखीरामनं आयुष्यात दारूला बोट लावलं नाही. पण सकाळी सकाळी झोकांड्या खात जाणारा माणूस पाहून गाव काय म्हणणार? शेवटी शेवटी त्यानं लग्नाकार्याला जाणंच सोडलं. मेला तेव्हा तिरडी उचलताना कोणीतरी म्हणालं, “आज बुढा सरळ जाईन.” लोक हसले. हसणाऱ्यांत मीही होतो. गोविंदानं तिरडीचा पुढचा दांडा धरला होता. त्यानं मागे वळून पाहिलं नाही.

गोविंदाला छत्तिसाव्या वर्षी सुरुवात झाली. चाल बिघडली तेव्हा त्याला नवल वाटलं नाही; घरचंच होतं. पण त्यासोबत आणखी काही गोष्टी आल्या. त्यांचा चालीशी काही संबंध असेल असं त्याच्या मनातही आलं नाही.

एक तर त्याचा घाम गेला. वैशाखात टाकीची लोखंडी शिडी चढून उतरला तरी अंग कोरडं. चेहरा गुंजेसारखा लाल व्हायचा, कानातून वाफ निघाल्यासारखं वाटायचं, पण कपाळावर थेंब नाही. आमच्याकडे माणसानं काम केलं की नाही हे त्याच्या पाठीवरून कळतं. शर्ट भिजला म्हणजे केलं. टेकडीपुऱ्याचे पंचायत सदस्य बबनराव वावरातून डवरून, मशागतीचं काम करून यायचे, शर्ट पिळायचे आणि चारचौघांत म्हणायचे, “काय गा गोविंदा, तुह्या शर्टाची तर इस्त्री बी मोडली नाई. सावलीत बसून पानी सोडून राह्यला का?”

गोविंदा हसून सोडून द्यायचा आणि टाकीमागे जाऊन डोकं नळाखाली धरायचा.

दुसरं, त्याला लघवी थांबेना. लागली की लागली, दहा पावलं जायलाही उसंत नाही. वॉलचे खड्डे गावाच्या मध्यावर, चारही बाजूंनी बाया. म्हणून त्यानं उपाय काढला. सकाळी पाणी सुटेपर्यंत घोटभरही प्यायचं नाही. साऱ्या गावाला पाणी सोडणारा माणूस स्वतः कोरडा निघायचा.

तिसरं म्हणजे चक्कर. तीही उठताना. खाटेवरून उठला, डोळ्यापुढे अंधार. वॉलच्या खड्ड्यात उकिडवं बसून चावी फिरवली आणि उभा राहिला, पुन्हा अंधार. कधी भिंतीला हात लागायचा, कधी लागायचा नाही. पडला आणि आडवा झाला की पाच मिनिटांत ठणठणीत. त्यामुळे लोकांना ते सोंग वाटायचं.

गावात एकदा तपासणीचं शिबिर आलं. गोविंदाला खुर्चीवर बसवलं, दंडाला पट्टा बांधला आणि सांगितलं, “बीपी आहे.” गोळी लिहून दिली.

आता आमच्या भागात बीपी म्हणजे काय ते सांगायला हवं. साखर असते तसा बीपी असतो. ज्याला आहे त्याला आहे, आणि ज्याला आहे त्याचं मीठ बंद. बीपी वरही जातो आणि खालीही येतो, ही गोष्ट कोसारखेडात कोणाला माहीत नव्हती. मलाही नव्हती. गोविंदाची बायको कोकिळा शिबिरातून घरी आली ती तडक चुलीपाशी गेली आणि मिठाची बरणी तिनं वरच्या फळीवर, पाहुण्यांच्या भांड्यांमागे ठेवून दिली. त्या दिवसापासून भोयरांच्या घरी वरण अळणी, भाजी अळणी, भाकर अळणी. नवरा अळणी खातो म्हणून तीही तेच खायची. मुलगी निकिता यवतमाळला कॉलेजात होती. ती सुटीत आली की शेजारच्या आमच्या घरून लोणचं मागून न्यायची.

“तुम्ही तरी खात जा,” मी कोकिळा वहिनींना म्हटलं होतं.

“माह्या ताटात मीठ पाहून त्यायचं मन जाईन ना भाऊजी,” त्या म्हणाल्या.

इतक्या मायेनं केलेली ती गोष्ट. आणि त्याच मायेनं गोविंदा जास्त पडायला लागला.

गेल्या वर्षीची अखजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, एप्रिलच्या तीस तारखेला आली. आमच्याकडे अखजीला प्रत्येक घरी नवी मातीची घागर आणतात, ताज्या पाण्यानं भरतात, घरातल्या गेलेल्या माणसांच्या नावानं तिची पूजा होते. घागर भरल्याशिवाय चिंचोणी, म्हणजे चिंचेचं पन्हं, नाही की जेवण नाही. म्हणून त्या सकाळी गावाला सगळ्यात जास्त पाणी लागतं, आणि ते वेळेवर लागतं.

गोविंदानं पहाटे खालचा वॉल उघडला. सात वाजता तो बंद करायला टाकीमागच्या चिंचेखालच्या खड्ड्यात उतरला. रोजच्यासारखा घोटभरही पाणी न पिता आलेला, अंगात गोळी, पोटात अळणी भाकर. चावीला हात घालण्याआधी झाकण नीट सरकवायला म्हणून उभा राहिला आणि उभ्याउभ्या खड्ड्यात कोसळला. डोकं काठावर आपटलं आणि शुद्ध हरपली; सगळे घागरींत गुंतलेले, कोणाला दिसलं नाही. खालचा वॉल तसाच उघडा राहिला. खालच्या पुऱ्यात घागरी भरल्या, रांजण भरले, मग नाल्या वाहायला लागल्या. आणि टेकडीपुऱ्यात टाकी रिकामी झाल्याची खबर आली तेव्हा आठ वाजले होते. चाळीस घरांच्या घागरी कोरड्या.

बबनराव धावत खाली आले. गोविंदा तोवर चिंचेला टेकून बसला होता, कपाळातून रक्त, जीभ जड.

“दारू पेला!” बबनराव ओरडले. “अखजीच्या दिवशी पेला! माह्या बापाची घागर कोरडी ठेवली यानं.”

“नाई पेलो, भाऊ...” गोविंदाचे शब्द एकमेकांत अडकत होते. दारू पिणाऱ्याचे अडकतात तसेच.

इंदुताईही आल्या होत्या. इंदुताई म्हणजे गावच्या दारूबंदी समितीच्या अध्यक्ष. तीन वर्षांपूर्वी त्यांनी बायांना घेऊन नाल्याकाठच्या भट्ट्या फोडल्या होत्या. त्यांनी गोविंदाच्या तोंडाजवळ जाऊन वास घेतला. वास नव्हता. पण त्यांच्याही घरात घागर कोरडी होती आणि त्यांचा म्हातारा जाऊन वर्ष झालं नव्हतं. वास नव्हता हे त्यांनी कोणाला सांगितलं नाही. पुढे कितीतरी दिवस ती गोष्ट त्यांना टोचत राहिली, असं त्या स्वतःच म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी एक मेची ग्रामसभा. चावी पंचायतीत जमा झाली. ठरलं की पंधरा ऑगस्टच्या ग्रामसभेपर्यंत गोविंदानं दाखवून द्यावं की तो पीत नाही आणि काम करू शकतो. नाही जमलं तर दुसरा वॉलमन. तोवर पाणी कोण सोडणार? बबनराव आवेशात म्हणाले, “वॉल फिरवाले काय अक्कल लागते? मी सोडतो.”

गोविंदाला नोकरी जाण्याचं दुःख होतंच. पण त्या संध्याकाळी तो मला जे म्हणाला ते वेगळं होतं. “बाप बेवडा म्हणून मेला. आता मी. उद्या निकिता अशी चालली तर तिले काय म्हणतीन?”

आता जमनीबद्दल सांगतो. जमनी राठोड त्या महिन्यातच आमच्या उपकेंद्रात नर्स म्हणून आली होती. दारव्ह्याकडच्या तांड्यावरची पोरगी, सव्वीस-सत्तावीसची, बोलायला फटकळ. गोविंदा तिच्याकडे गेला तो दुखणं घेऊन गेलाच नाही.

“बाई, मले दाखला पाह्यजे.”

“कायचा?”

“दारू पेत नाई याचा.”

जमनी हसली. “काका, असा दाखला मी द्याले लागली तर अर्धा तालुका रांगेत उभा राहीन. बसा. बीपी पाहू द्या आधी.”

“बीपी हाये ना. गोळी घेतो, मीठ बंद हाये.”

तिनं पट्टा बांधला, यंत्र चालू केलं. वरचा आकडा एकशे अठ्ठेचाळीस. ती वहीत लिहीत होती, आणि तेवढ्यात गोविंदाला लागली. पट्टा दंडालाच, नळी लोंबते आहे, आणि हा उठून दाराकडे निघाला. चौकटीपर्यंत पोहोचला आणि चौकट धरून थांबला. तोंड राखेसारखं झालेलं.

दुसरी कोणी असती तर तिनं त्याला धरून बसवलं असतं. जमनी यंत्र उचलून मागोमाग गेली, नळी पुन्हा जोडली, एका हातानं त्याला धरलं, आणि दुसऱ्या हातानं बटण दाबलं.

“दम धरा काका, पडू देत नाई मी तुमाले.”

आकडा आला. अठ्ठ्याऐंशी.

तिनं त्याला बाकावर आडवं केलं, पाय वर उचलून धरले. थोड्या वेळानं रंग परत आला. मग तो आधी जाऊन आला, कारण ते थांबण्यासारखं नव्हतं. परत आला तेव्हा तिनं विचारलं, “उभं राह्यल्यावर नेमकं काय होते? मले समजून सांगा.”

गोविंदाला वॉलशिवाय दुसरी भाषा येत नव्हती. तो म्हणाला, “टाकी भरेल असते, पन टेकडीपुऱ्यात धार नाई धरत. पानी वर चढाले टाइम लागते ना, तसं.” आणि आपल्या डोक्याला हात लावून म्हणाला, “हा माहा टेकडीपुरा.”

जमनीनं पेन खाली ठेवलं. “काका, हे मले कॉलेजात दोन तास शिकवलं होतं. तुमी एका वाक्यात सांगून टाकलं.” मग तिनं सांगितलं की बीपी सगळ्यांनाच असतो. वर जातो तोही बीपी, खाली येतो तोही बीपी. गोविंदाचा बसल्यावर वर आणि उभं राहिल्यावर धाडकन खाली. शिबिरात कोणी त्याला उभं करून पाहिलंच नव्हतं. घाम, लघवी, बाप, आजी, सगळं तिनं खोदून खोदून विचारलं आणि लिहून घेतलं. गोळी मात्र तिनं आपल्या मनानं बंद केली नाही. तिनं समोरच मोठ्या डॉक्टरांना फोन लावला.

तिथून गोविंदा यवतमाळला गेला, आणि यवतमाळहून नागपूरच्या मेंदूच्या डॉक्टरीण बाईंकडे. सोबत कोकिळा वहिनी, निकिता आणि मी. एसटीत गोविंदा खिडकीशी बसला होता, डोक्यावर ओला दुपट्टा. प्रत्येक थांब्यावर मी बाटली भरून तो पुन्हा ओला करायचो.

डॉक्टरीण बाई शांत होत्या. त्यांनी त्याला रेषेवर चालवलं, नाकाला बोट लावायला सांगितलं, झोपवून, बसवून, उभं करून रक्तदाब घेतला. मग समजावून सांगितलं. डोक्याच्या मागच्या बाजूला लहान मेंदू असतो, तो तोल सांभाळतो. भोयरांच्या घरात तो हळूहळू झिजतो, आणि हे रक्तातून पुढे येतं. “पण शरीरात आणखी काही नसा असतात,” त्या म्हणाल्या. “त्यांना आपण कधी हुकूम देत नाही. घाम आण, असं तुम्ही कधी म्हणालात का? उभे राहताना रक्त वर ढकल, असं म्हणालात? त्या नसा आपल्या आपण काम करत असतात. या आजारात काहींच्या त्याही थकतात. तुमची चक्कर, तुमचा घाम, तुमची लघवी, हे सगळं एकाच घरातलं आहे.”

गोविंदानं विचारलं, “बरं होईन का, बाई?”

“चाल बरी करणारं औषध आज तरी नाही. ती हळूहळू आणखी बिघडेल, मी खोटं सांगणार नाही. पण तुमचं हे पडणं आहे ना, ते पुष्कळ कमी करता येईल.”

मग त्यांनी एका कागदावर घराणं काढलं. बाईला गोल, पुरुषाला चौकोन. आजीचा गोल त्यांनी पेनानं काळा केला. बापाच्या चौकोनाशी थांबल्या. “यांना होतं?”

“लोक दारू म्हनत होते,” गोविंदा म्हणाला.

“चाल तुमच्यासारखी? बोलणं जड? उठताना पडायचे?”

“हो.”

त्यांनी चौकोन भरून काळा केला. गोविंदा त्या चौकोनाकडे पाहत राहिला आणि मग त्यानं डोळ्यांना दुपट्टा लावला. बाप गेल्याच्या दिवशी तो रडला नव्हता. त्या दिवशी नागपूरला, एका अनोळखी बाईच्या टेबलापुढे, हुंदके देऊन रडला. मला तिरडीच्या वेळचं माझं ते हसू आठवलं. मी बाहेर जाऊन उभा राहिलो.

निकितानं स्वतःबद्दल विचारलं. बाई म्हणाल्या की शक्यता निम्मी आहे, तपासणी करता येते, पण करायची की नाही आणि कधी, हे तिनं एकटीनं ठरवायचं. कोणी घाई करायची नाही. निकिता म्हणाली, “मग आत्ता नको. आधी बाबांचं पाहू.”

गोळी बंद झाली. नवं औषध आलं. आणि कागदावर डॉक्टरीण बाईंनी लिहिलं की उभं राहताना दाब टिकावा म्हणून याला मीठ पाहिजे, पाणी पाहिजे. ते सगळ्यांना चालत नाही, म्हणून याच्यापुरतं, आणि जमनीनं दर आठवड्याला मोजून पाहायचं. झोपताना खाटेच्या उशाकडच्या पायांखाली विटा. पोट भरून एकदम जेवायचं नाही, थोडं थोडं खायचं. उठण्याआधी पेलाभर पाणी, मग बसून टाचा वरखाली, मग उभं राहून दहापर्यंत मोजायचं आणि त्यानंतर पाऊल. लघवीसाठीही एक गोळी दिली, म्हणजे पाणी प्यायची भीती राहणार नाही.

घरी आल्यावर कोकिळा वहिनींनी फळीवरून मिठाची बरणी काढली. ती हातात घेऊन चुलीपुढे तशाच बसून राहिल्या.

“मीच पाडलं तुमाले,” त्या म्हणाल्या. “माह्या हातानं.”

“काव कोकिळे, तू त माह्यासंग दोन वर्षं अळणी खाल्लं. तुले त काई झालंही नोतं. तुह्याएवढं कोनं केलं असतं?” गोविंदा खाटेवर टाचा वरखाली करत म्हणाला. “आता रडशीन त रड, पन तेवढं वरनात टाकून घे आधी. दोन वर्षं झाली, वरन कसं लागते तेच इसरलो.”

त्या दिवशी त्यांच्या घरून वरणाला लसणाची फोडणी बसल्याचा वास आला आणि पाठोपाठ हसण्याचा आवाज.

इकडे बबनरावांचे हाल चालले होते. खालचा वॉल ते पुरता आवळायचेच नाहीत, मग टेकडीपुऱ्याला धार धरायची नाही. स्वतःच्याच आळीच्या बाया त्यांच्यावर तुटून पडायच्या. जूनच्या एका सकाळी मी ऐकलं, इंदुताई वरून ओरडत होत्या, “काहून जी बबनराव, अक्कल लागत नाई ना वॉलले?” आणि बबनराव, घामानं निथळत, खड्ड्यातून ओरडले, “पानी वर चढाले टाइम लागते!” ऐकून चिंचेखालची माणसं पोट धरून हसली. बबनराव थोडे वरमले, मग तेही हसले.

त्याच संध्याकाळी ते गोविंदाकडे गेले. वाकडी वाट करून, कोणाला दिसणार नाही असे. “किती फेरे आवळा लागते खालचा?” त्यांनी विचारलं.

“अठरा,” गोविंदा म्हणाला. “सतराव्याले जड जाते. लोक तिथंच सोडून देतेत.”

चावीचाही एक प्रश्न होता. ती दोन फुटांची. तिच्यासाठी खड्ड्यात उकिडवं बसावंच लागायचं. बबनरावांनीच राळेगावला नेऊन तिला दांडा जोडून घेतला, छातीएवढा उंच. आता काठावर उभं राहून वॉल फिरवता येणार होता. पण त्यांनी ती चावी गोविंदाला दिली नाही. ग्रामसभेचा निकाल व्हायचा होता, आणि बबनराव शब्दाला पक्के.

पंधरा ऑगस्टला झेंडा झाला. शाळेच्या पटांगणात सतरंज्या पडल्या. गोविंदा इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून खुर्चीवर बसला होता. एवढ्या लोकांपुढे तो पाच वर्षांत बसला नव्हता. नागपूरच्या तपासणीचा कागद जमनीनं वाचून दाखवला, पण कागदावरचं नाव लांब आणि परकं. लोक एकमेकांकडे पाहायला लागले. मग ती म्हणाली, “कागद राहू द्या. डोयानं पाहा. बबनकाका, या इकडं.”

बबनरावांना खुर्चीवर बसवलं, पट्टा बांधला. एकशे तीस. उभं केलं. एकशे बत्तीस.

“उभं राह्यल्यावर भाव वाढला,” मागून कोणीतरी म्हणालं.

मग गोविंदा. बसून एकशे छत्तीस. “आता उठा काका. सावकाश. धरलं मी.” तो उठला. यंत्र घरघरत होतं आणि साऱ्या गावाच्या डोळ्यांदेखत त्याच्या चेहऱ्यावरचा रंग उतरत गेला. ओठ पांढरे पडले.

“एकशे चार,” जमनी म्हणाली. “औषधानं, पाण्यानं, मिठानं एवढ्यावर आणलं. मे महिन्यात हाच अठ्ठ्याऐंशी होता. अखजीच्या सकाळी किती असंन, देवाले माहीत. अन् तरी हा मानूस रोज खड्ड्यात उतरत होता. याच्यात दारू कुठं आली? हे त्याच्या आजीपासून आलं.” तिनं त्याला बसवलं, हातात पाण्याचा पेला दिला.

इंदुताई उठल्या. पदर खोचला. “मी बोलतो,” त्या म्हणाल्या, आमच्याकडच्या जुन्या बायांसारखं, ‘बोलते’ न म्हणता. “त्या दिवशी मी याच्या तोंडाचा वास घेतला होता. नव्हता वास. अन् मी चूप राह्यली. अध्यक्ष असून चूप राह्यली. राहिली गोष्ट घागरीची. मी दुसऱ्या दिवशी भरली. माह्या बुढ्यानं काई तक्रार केली नाई. जिता असताना चहाले पाच मिनिट उशीर झाला त घर डोक्यावर घेत होता, पन मेल्यावर समजदार झाला.”

लोक हसले. इंदुताई हसल्या नाहीत. त्यांनी गोविंदाकडे पाहून हात जोडले. “लखीरामदादालेही आमी बेवडा म्हनलं. तेही चुकलं. सभेत लिहून घ्या, ग्रामसेवक.”

ग्रामसेवकानं विचारलं, “ते ठरावात कसं लिहायचं?”

“जसं म्हनलं तसं,” बबनराव म्हणाले.

आणि तसं लिहिलं गेलं. आमच्या ग्रामपंचायतीच्या वहीत ते आजही आहे: लखीराम भोयर दारू पीत नव्हते, हे ग्रामसभा मान्य करते. खाली सह्या आणि अंगठे. माझी सही चौथी आहे. गोविंदा वॉलमन राहील, उन्हाळ्यात पाणी सूर्य तापायच्या आत सुटेल, आणि चक्कर आलेल्या दिवशी बबनराव वॉल फिरवतील, हेही त्यातच.

गोविंदा बोलायला लागला. जीभ जड होती, पण त्या दिवशी लोक थांबून ऐकत होते. “बोलता येत नाई मले,” तो म्हणाला. “या पोरीचे उपकार. नागपूरच्या बाईचे. कोकिळाचे. बबनरावाचे बी, शिव्या देल्या तरी. सगळ्यायचे.” एवढंच. मग बबनरावांनी दोन्ही हातांनी ती उंच चावी त्याच्यापुढे धरली. कोणीतरी म्हणालं, “थांबा, फोटो काढू. शाल आना.”

“शाल मंग,” गोविंदा म्हणाला. “मले जा लागते.”

लोकांना वाटलं, त्याचं मन भरून आलं. एक-दोघांनी डोळे पुसले. कोकिळा वहिनी तेवढ्या तोंडाला पदर लावून हसत होत्या.

त्यानं बसल्याबसल्या टाचा वरखाली केल्या. उभा राहिला, खुर्चीची पाठ धरून ओठांतल्या ओठांत दहापर्यंत मोजलं. मग बबनरावांच्या हातून चावी घेऊन निघाला. पाय फाकवून, डोलत, रांगोळी चुकवून, पटांगण ओलांडत. निकिता धरायला पुढे झाली तर वहिनींनी तिचं मनगट पकडलं. तो मुतारीत गेला, बाहेर आला, नळावर हात धुतले. आता तो परत येणार म्हणून फोटोवाला मोबाइल सावरून उभा राहिला. पण नऊ वाजून गेले होते आणि झेंड्याच्या गडबडीत पाणी राहून गेलं होतं. गोविंदा इकडे वळलाच नाही. तो टाकीच्या वाटेला लागला.

इंदुताई म्हणाल्या, “चला व बायांनो, गुंड काढा,” आणि टेकडीपुऱ्याच्या बाया सतरंजीवरून उठल्या. जमनी यंत्राची नळी गुंडाळता गुंडाळता थांबली होती. बबनराव कपाळावर हात धरून उन्हाआडून पाहत होते. गोविंदा शाळेच्या भिंतीला एकदा हात लावून थांबला, पुन्हा निघाला, आणि टाकीच्या मागे गेला. कोकिळा वहिनी तो दिसेनासा झाल्यावरही तिकडेच बघत उभ्या होत्या.